"स्ट्रायकर संपला" म्हणण्याआधी: आर्टेम डोव्बिकच्या करिअरवरून नंबर नाईन समजून घेऊया

फुटबॉल बघणाऱ्या आपल्या सगळ्यांना एक सवय असते, स्ट्रायकरच्या नावापुढचा गोलचा आकडा बघायचा आणि लगेच निकाल देऊन मोकळं व्हायचं. 24 गोल केले म्हणजे भारी, 12 केले म्हणजे फ्लॉप. पण युक्रेनचा आर्टेम डोव्बिक बघा, 2023-24 ला स्पेनच्या ला लीगात त्याने 24 गोल मारले, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि पुढच्याच वर्षी इटलीत रोमाकडून सेरी आ मध्ये 12. माणूस तोच, डावा पाय तोच, उंची तीच, वय फक्त एक वर्षाने वाढलं. मग मधे झालं काय? हे नीट समजून घ्यायचं तर फॉरवर्डचं काम काय असतं, ट्रान्सफरचा पैसा कसा फिरतो, युक्रेनमधून बाहेर पडणं म्हणजे नेमकं काय, हे सगळंच थोडं थोडं बघावं लागेल. माझं स्पष्ट मत आधीच सांगतो, स्ट्रायकरचा आकडा हा निम्मा त्याचा असतो आणि निम्मा त्याच्या आजूबाजूचा, आणि डोव्बिकचं करिअर हे दाखवायला सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

सुरुवातीपासून बघू. डोव्बिकचा जन्म जून 1997 चा, गाव चेर्कासी, युक्रेनच्या मधोमध द्निप्रो नदीच्या काठावरचं शहर. तिथेच फुटबॉल शिकला, तिथल्याच क्लबकडून मोठ्यांच्या टीममध्ये आला, आणि मग त्याला द्निप्रो शहरातल्या द्निप्रो क्लबने घेतलं. आता हा क्लब साधासुधा नव्हता, 2015 मध्ये वॉर्सॉत युरोपा लीगची (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या नंबरची स्पर्धा) फायनल खेळला होता, सेविया विरुद्ध 3-2 ने हरला पण फायनलपर्यंत गेला होता. तरुण पोराला वाटणार की आपली गाडी आता सुटली. आणि नेमकं तेव्हाच क्लबचा पैसा आटला. जुन्या परदेशी कोचिंग स्टाफचे पगार थकले, केस फिफापर्यंत गेली, पॉइंट कापले गेले, युरोपियन स्पर्धांतून बंदी आली, आणि 2017 ला क्लबला थेट तिसऱ्या डिव्हिजनमध्ये टाकलं. फायनलनंतर अवघ्या दोन वर्षांत! पुढे हा क्लब बंदच पडला. म्हणजे डोव्बिकच्या करिअरचा पहिला धक्का त्याच्या खेळाचा नव्हताच, तो खेळत होता ते घरच खाली बसलं.

2018 ला तो डेन्मार्कला गेला, मिट्युलान क्लबकडे. हा क्लब आकडेवारीच्या जोरावर खेळाडू निवडण्यासाठी फुटबॉलच्या जगात ओळखला जातो. पण तिथे डोव्बिकचं काही जमलं नाही, गोल थोडे, मिनिटं थोडी, मग डेन्मार्कमधल्याच दुसऱ्या क्लबला लोनवर पाठवलं. लोन म्हणजे खेळाडू मालकीचा एका क्लबचा पण काही महिने किंवा वर्षभर खेळतो दुसऱ्याकडे, पगार कोण किती देणार ते दोघं ठरवतात. क्लब सहसा दोन कारणांनी लोनवर पाठवतो, एकतर पोरगा चांगला आहे पण इथे जागा नाही, किंवा मग त्याच्यावरचा विश्वास कमी झालाय. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. 2020 च्या उन्हाळ्यात, 23 वर्षांचा झाल्या झाल्या, तो परत युक्रेनला आला, द्निप्रो शहरातच, पण आता नवीन क्लब होता, द्निप्रो-1. या क्लबचं नाव 2014 च्या लढाईत उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांच्या तुकडीवरून पडलेलं. परदेशात जाऊन न जमलेला आणि घरी परतलेला 23 वर्षांचा फॉरवर्ड, असा त्याचा तेव्हाचा हिशोब होता, आणि अशा खेळाडूंपैकी बहुतेकांचं नाव आपण पुढे कधी ऐकत नाही हे लक्षात घ्या.

इथे आधी नंबर नाईन म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. टीमचा सगळ्यात पुढचा माणूस, ज्याचं मुख्य काम बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनात, गोल करणं. पण 90 मिनिटांत त्याच्या पायाला बॉल लागतो तो फार कमी वेळा, कित्येक मॅचमध्ये वीस-पंचवीस वेळा, त्यातल्या शॉटच्या संधी दोन-तीन. म्हणजे त्याचा बहुतेक वेळ बॉल नसतानाचा असतो. डिफेंडरला ओढून बाजूला न्यायचं, त्याच्या नजरेआड उभं राहायचं, विंगर, म्हणजे कडेने खेळणारा फॉरवर्ड, क्रॉस मारणार (कडेवरून बॉक्समध्ये बॉल टाकणार) त्याच्या अर्धा सेकंद आधी पुढे घुसायचं, आणि हे सगळं दहा वेळा करायचं तेव्हा एकदा बॉल येतो. नऊ वेळा तो पळतो आणि काहीच मिळत नाही, टीव्हीवर ते दिसतही नाही. डोव्बिक हा याच प्रकारातला. सहा फुटांच्या वर, दणकट, डावखुरा, हेडर चांगला, दोन-तीन माणसांना चकवून जाणारा ड्रिबलर अजिबात नाही. त्याला बॉल हवा तो डिफेंडर आणि गोलकीपरच्या मधल्या मोकळ्या जागेत. तसा बॉल दिला तर एका टचमध्ये काम संपवतो, आणि पाठ गोलकडे करून उभं राहायला लावलं, वर दोन डिफेंडर अंगावर, तर तोच माणूस सामान्य दिसायला लागतो.

जगाने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते 29 जून 2021 ला, ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर. युरो 2020 (युरोपातल्या देशांची स्पर्धा, कोविडमुळे एक वर्ष उशिरा झालेली), राउंड ऑफ 16, युक्रेन विरुद्ध स्वीडन. 90 मिनिटांत 1-1, एक्स्ट्रा टाइममध्ये स्वीडनच्या डॅनियलसनला रेड कार्ड, आणि सगळे पेनल्टी शूटआउटची तयारी करत असताना 121 व्या मिनिटाला डावीकडून झिंचेन्कोने क्रॉस टाकला आणि बदली म्हणून आलेल्या डोव्बिकने हेडर मारला. युक्रेनसाठी त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल, आणि त्यावर देश पहिल्यांदाच युरोच्या क्वार्टर फायनलमध्ये. कोच होता आंद्री शेव्हचेन्को, म्हणजे युक्रेनचा आजवरचा सगळ्यात मोठा फॉरवर्ड, मिलानचा, 2004 चा बॅलन डी'ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) विजेता. क्वार्टर फायनलला इंग्लंडने 4-0 ने धुतलं, रोममध्ये, स्टेडिओ ऑलिम्पिकोवर. तीन वर्षांनी तेच ग्राउंड डोव्बिकचं होम ग्राउंड होणार होतं, तेव्हा कुणाला माहीत.

मग फेब्रुवारी 2022. रशियाचं आक्रमण सुरू झालं, युक्रेनची लीग थांबली आणि नंतर चॅम्पियन न ठरवताच तो सीझन रद्द झाला. थांबली तेव्हा लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल डोव्बिकचे होते, 14. इथे फिफाचा एक नियम समजून घ्यायला पाहिजे कारण त्याचा परिणाम फार खोल झाला. मार्च 2022 मध्ये फिफाने सांगितलं की युक्रेन (आणि रशिया) मधल्या क्लबांचे विदेशी खेळाडू आणि विदेशी कोच आपला करार काही काळ स्थगित करून दुसरीकडे खेळू शकतात. माणुसकीच्या दृष्टीने बरोबरच, युद्ध चाललेल्या देशात कुणाला जबरदस्तीने कसं ठेवणार. पण क्लबच्या बाजूने बघा, शाख्तारसारख्या क्लबने ब्राझीलच्या पोरांवर कोट्यवधी युरो घातलेले, ती विकून पैसा मिळवायचा हाच त्यांचा धंदा, आणि आता ती पोरं फुकटात बाहेर. शाख्तारने स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे फिफाविरुद्ध दावा टाकला, तो फेटाळला गेला. हा नियम विदेश्यांसाठी होता, युक्रेनच्या स्वतःच्या खेळाडूंना करार असा स्थगित करता येत नव्हता, शिवाय 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडायची बंदी, खेळाडूंनाही मॅचसाठी बाहेर जायचं तर परवानगी काढावी लागत होती. म्हणजे विदेशी गेले आणि जागा रिकाम्या झाल्या, आणि त्या जागी युक्रेनचीच पोरं खेळायला लागली.

ऑगस्ट 2022 ला लीग परत सुरू झाली. प्रेक्षक नाहीत, सायरन वाजला की मॅच थांबवून सगळे शेल्टरमध्ये, सायरन बंद झाला की परत वॉर्म-अप आणि परत खेळ. एक मॅच अशी चार तासांहून जास्त चालली होती. विचार करा, स्ट्रायकरचं काम लय पकडायचं, आणि इथे लय पकडली की एअर रेडचा सायरन. युरोपियन स्पर्धेतल्या "घरच्या" मॅच द्निप्रो-1 ला देशाबाहेर, स्लोव्हाकियातल्या कोशित्सेमध्ये खेळाव्या लागल्या. जानेवारी 2023 मध्ये द्निप्रो शहरातल्या एका रहिवासी इमारतीवर रशियन मिसाईल पडलं आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. या वातावरणात डोव्बिकने 2022-23 च्या सीझनमध्ये 24 लीग गोल केले आणि द्निप्रो-1 दुसऱ्या नंबरवर आला. आपल्याकडे कुणी म्हणतं की "युक्रेनच्या लीगमधले गोल, त्यात काय", तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. लीगचा दर्जा युद्धामुळे खाली आला होता हे मान्य, पण त्या गोलमागची परिस्थिती पण मोजा की.

मग प्रश्न येतो की एवढा चांगला होता तर 26 वर्षांचा होईपर्यंत मोठ्या लीगने का नाही घेतला? याचं उत्तर डेन्मार्कच्या अपयशात थोडं आहे आणि जास्त युक्रेनच्या फुटबॉलच्या अर्थकारणात आहे. युद्धाआधीची बरीच वर्षं तिथले मोठे क्लब उद्योगपतींच्या पैशावर चालायचे, पगार पश्चिम युरोपातल्या मधल्या क्लबांइतके किंवा जास्त, आणि विकायची घाई नाही म्हणून किंमत अव्वाच्या सव्वा. म्हणजे खेळाडूला जायची गरज नाही आणि क्लबला सोडायची गरज नाही. युद्धाने हे उलटं केलं, क्लबांना रोकड हवी झाली, जाहिरात नाही, तिकिटं नाहीत, टीव्हीचा पैसा आटलेला. जानेवारी 2023 ला मिखाइलो मुद्रिक शाख्तारमधून चेल्सीला गेला तो 7 कोटी युरो अधिक बोनस असा प्रचंड सौदा होता, पण तो अपवाद. बाकीचे बरेच स्वस्तात गेले. डोव्बिक ऑगस्ट 2023 मध्ये स्पेनच्या जिरोनाला गेला तो बातम्यांनुसार साधारण 75 लाख युरोत. स्ट्रायकरच्या बाजारात हे म्हणजे किरकोळ.

जिरोना हे कॅटलोनियातलं छोटं शहर, बार्सिलोनाच्या वर, स्टेडियम मॉन्टिलिवी, जेमतेम चौदा हजारांचं. पण मालकीत मोठा हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुपचा, म्हणजे मँचेस्टर सिटीवाले, ज्यांनी 2019 मध्ये आपल्या मुंबई सिटी एफसीतही 65 टक्के हिस्सा घेतला होता. एकाच मालकाचे जगभर क्लब असले की खेळाडू इकडून तिकडे फिरवता येतात. त्या वर्षी जिरोनाकडे डाव्या विंगवर ब्राझीलचा सावियो होता, जो याच ग्रुपच्या फ्रान्समधल्या त्रुआ क्लबचा खेळाडू आणि इथे लोनवर. उजवीकडे व्हिक्टर त्सिहान्कोव, तोही युक्रेनचाच, काही महिने आधी किएव्हहून आलेला. मधे अलेश गार्सिया, लांबचे पास मारण्यात उस्ताद. यान कोतो, मिगेल गुतिएरेझ असे फुलबॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर, जे सतत पुढे. आणि कोच मिचेल, ज्याला बॉल खेळवत खेळवत समोरच्या टीमला पुढे ओढायचं आणि मग त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत घुसायचं, हे आवडायचं. आता वर मी सांगितलं ते आठवा, डोव्बिकला काय हवं असतं, डिफेंडर आणि गोलकीपरच्या मधली मोकळी जागा. ही टीम दर मॅचला तीच जागा तयार करत होती. जुळणं म्हणतात ते हेच.

पहिल्याच मॅचला रिआल सोसिएदादविरुद्ध बेंचवरून येऊन त्याने बरोबरीचा गोल केला. डिसेंबरमध्ये बार्सिलोनाच्या घरी जाऊन जिरोना 4-2 ने जिंकली त्यातला पहिला गोल याचा. जानेवारी 2024 ला सेवियाविरुद्ध पहिल्या हाफमध्ये सहा-सात मिनिटांत हॅटट्रिक, मॅच 5-1. मार्चमध्ये देशाकडून बोस्नियाविरुद्ध युरो 2024 चा प्लेऑफ, झेनिकात, 85 व्या मिनिटापर्यंत युक्रेन 0-1 ने मागे, मग यारेमचुकने बरोबरी केली आणि तीन मिनिटांनी डोव्बिकने हेडरवर मॅच फिरवली. मे मध्ये परत बार्सिलोनाला 4-2, याही वेळी डोव्बिकचा गोल, आणि त्या दिवशी जिरोनाचं चॅम्पियन्स लीगचं, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेचं, तिकीट पक्कं झालं, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. शेवटी 81 पॉइंट, तिसरा नंबर.

आणि पिचिचीची शर्यत तर बघण्यासारखी होती. पिचिची ही स्पेनमधल्या टॉप स्कोअररची ट्रॉफी, मार्का नावाचा पेपर देतो, बिल्बाओच्या जुन्या काळातल्या एका स्ट्रायकरच्या टोपणनावावर. शेवटच्या आठवड्याआधी विलारेआलचा नॉर्वेचा सोर्लोथ 23 वर होता, कारण त्याने रिआल माद्रिदविरुद्ध एकाच मॅचमध्ये चार मारले होते, आणि डोव्बिक 21 वर. 24 मे ला जिरोनाची घरी ग्रानाडाशी मॅच, ग्रानाडा खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार हे आधीच ठरलेलं, जिरोना 7-0 ने जिंकली आणि डोव्बिकची हॅटट्रिक. 24. दुसऱ्या दिवशी सोर्लोथला गोल नाही मिळाला. पिचिची जिंकणारा पहिला युक्रेनियन. योगायोग असा की शेव्हचेन्को 1999-2000 ला किएव्हहून मिलानला गेला तेव्हा त्यानेही पहिल्याच सीझनला सेरी आ मध्ये 24 गोल करून टॉप स्कोअरर झाला होता.

आता पैशाचा भाग, जो मला वाटतं सगळ्यात कमी समजावला जातो. ऑगस्ट 2024 ला रोमाने त्याला घेतलं, बातम्यांनुसार साधारण 3 कोटी युरो अधिक बोनस. लोक म्हणतात जिरोनाने 3 कोटी कमावले. नाही, हिशोब तसा होत नाही. क्लब खेळाडू विकत घेतो तेव्हा ती रक्कम वहीत एकदम खर्च म्हणून टाकत नाहीत, कराराच्या वर्षांत वाटतात. 75 लाखाचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर असेल तर दर वर्षी 15 लाख खर्च. एक वर्षाने विकला तर वहीत त्याची किंमत उरते 60 लाख, आणि 3 कोटीला विकला म्हणजे नफा 2 कोटी 40 लाख. रोमाच्या बाजूने उलटं, 3 कोटीचा खेळाडू पाच वर्षांवर म्हणजे दर वर्षी 60 लाखांचा बोजा, वर पगार. आणि रोमाला युएफा, म्हणजे युरोपियन फुटबॉलच्या संघटनेबरोबरच्या करारामुळे खर्चावर मर्यादा होती. म्हणून अशा क्लबला 3 कोटीचा स्ट्रायकर वर्षभर चालला नाही तर त्याला सोडणं सोपं नसतं, कारण वहीत तो अजून 2 कोटी 40 लाखांचा आहे, त्याहून कमीला विकला की तोटा दिसतो. खेळाडू कुठे अडकून का पडतो याचं उत्तर बऱ्याचदा या वहीत असतं, ग्राउंडवर नाही.

आणि या 3 कोटीतले 5 टक्के वेगळेच कुठेतरी जातात. फिफाचा नियम आहे की खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की रकमेचे 5 टक्के त्याला 12 ते 23 वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे. आपल्याकडे गावच्या तालमीत घडलेला पैलवान पुढे मोठ्या मैदानात जिंकला की इनामातला वाटा तालमीकडे यावा, तसंच, फक्त इथे ते कागदावर टक्क्यांत बांधलेलं आहे. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक वर्षाला एकूण रकमेच्या 0.25 टक्का आणि 16 ते 23 च्या प्रत्येक वर्षाला 0.5 टक्का. 3 कोटी युरोवर बघा, लहान वयाच्या एका वर्षाचे 75 हजार युरो म्हणजे तेव्हाच्या साधारण 90 रुपयाच्या भावाने 67 लाखांच्या वर, आणि मोठ्या वयाच्या एका वर्षाचे दीड लाख युरो म्हणजे 1 कोटी 35 लाख रुपये. चेर्कासीसारख्या शहरातल्या मुलांच्या शाळेला हा पैसा म्हणजे नवीन टर्फ, बूट, बस, कोचचा पगार सगळं काही. 2022 च्या शेवटापासून फिफाने हे पैसे वाटायला पॅरिसमध्ये क्लिअरिंग हाउस उभं केलंय, कारण आधी मोठे क्लब देतच नव्हते किंवा छोट्यांना आपला हक्क माहीतच नव्हता.

पण डोव्बिकच्या बाबतीत बघा काय होतं. द्निप्रो क्लब, जिथे तो टीनएजर म्हणून होता, तो बंद पडलाय. अशा वेळी नियम म्हणतो की क्लबच नसेल तर ती रक्कम त्या देशाच्या फुटबॉल संघटनेकडे जाते आणि ती तरुणांच्या फुटबॉलवर खर्च करायची. आणि द्निप्रो-1, जिथे तो खऱ्या अर्थाने स्ट्रायकर झाला, तिथे तो आला तेव्हा 23 पूर्ण झालेला, म्हणजे या नियमाने रोमाच्या सौद्यातून त्यांच्या वाट्याला फार थोडं. त्यांना मुख्य पैसा मिळाला तो जिरोनाला विकताना, आणि तोही युद्धामुळे पडलेल्या भावात. 2024 च्या उन्हाळ्यात, डोव्बिक पिचिची घेऊन रोमाच्या वाटेवर होता त्याच सुमारास, द्निप्रो-1 ने युक्रेनच्या लीगमधून माघार घेतली. एकाच शहरातले दोन क्लब, दोन्ही गेले. मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट हीच आहे, नियम वाईट नाही, पण उशिरा फुलणाऱ्या खेळाडूला सांभाळणाऱ्या क्लबला त्यात फारशी जागा नाही.

बरं, आता रोमा. तिथे गेला तेव्हा कोच दे रॉस्सी. सप्टेंबरमध्ये त्याला काढलं. मग युरिच, त्याला नोव्हेंबरमध्ये काढलं. मग 70 पार केलेले रानिएरी, ज्यांनी टीम सावरली आणि पाचव्या नंबरवर आणली, चॅम्पियन्स लीग एका पॉइंटने हुकली. एका सीझनला तीन कोच म्हणजे स्ट्रायकरसाठी काय, तर तीन वेळा नव्याने शिकायचं की बॉल कुठून येणार, आपण कधी पळायचं, कधी थांबायचं. शिवाय रोमाचा तेव्हाचा सगळ्यात हुशार खेळाडू दिबाला, त्याला बॉल पायात हवा असतो, तो आत येतो, खेळ हळू होतो, तोपर्यंत समोरची टीम बॉक्ससमोर रांग लावून उभी. इटलीत बऱ्याच टीम अशाही खालीच बसतात. मागे मोकळी जागा नाही, म्हणजे डोव्बिकचं मुख्य हत्यारच म्यानात. त्याला पाठ गोलकडे करून बॉल धरून ठेवायला लागलं, जे त्याचं बलस्थान नाही.

तरी 12 लीग गोल, सगळ्या स्पर्धा मिळून 17. आता हे टीमच्या आकड्यांशी लावून बघा. जिरोनाने त्या वर्षी लीगमध्ये 85 गोल केले, त्यातले 24 याचे, म्हणजे साधारण 28 टक्के. रोमाने 56 केले, त्यातले 12 याचे, म्हणजे 21 टक्के. पडला का? हो, पडला. पण अर्धा नाही पडला, टीमच खूप कमी गोल करत होती. आणि उलट बाजूने पण तपासा, डोव्बिक, सावियो, अलेश गार्सिया, यान कोतो हे सगळे एकाच उन्हाळ्यात गेल्यावर जिरोनाचं काय झालं? तिसऱ्यावरून थेट 16 व्या नंबरवर. ते गोल एकट्याचे नव्हते आणि एकट्याशिवाय होणारेही नव्हते.

इथे एक्सजी नावाचा आकडा कामाला येतो, ऐकायला अवघड पण कल्पना सोपी आहे. हजारो जुन्या शॉट्सवरून काढतात की या जागेवरून, या कोनातून मारलेला शॉट किती वेळा गोल होतो. पेनल्टी साधारण 0.78, म्हणजे शंभरात अठ्ठ्याहत्तर. बॉक्सबाहेरून मारलेला बरेचदा 0.05 च्या आसपास. सीझनभराची बेरीज केली की कळतं की स्ट्रायकरला संधीच कमी मिळाल्या की मिळून त्याने घालवल्या. दोन्हीत आकाश-पाताळाचा फरक आहे, पहिल्यात प्रश्न टीमचा, दुसऱ्यात त्याचा. पुढच्या वेळी कुणाला फ्लॉप म्हणण्याआधी एवढं एक तपासा, फुकट मिळतं सगळं इंटरनेटवर.

आणि त्याचा स्वतःचा दोष नाहीच असं मी म्हणत नाही. 2 ऑक्टोबर 2025, युरोपा लीग, रोमा घरी फ्रान्सच्या लिल क्लबविरुद्ध 0-1 ने मागे, शेवटी पेनल्टी मिळाली. डोव्बिकने मारली, लिलचा कीपर बर्के ओझेरने अडवली. नियमभंग झाला म्हणून रेफरीने परत मारायला लावली. परत डोव्बिक, परत अडवली. परत नियमभंग, तिसऱ्यांदा मारायची, या वेळी रोमाचाच सुले आला, तीही अडवली. 0-1 हरले. पेनल्टी परत मारायला मिळणं हे मारणाऱ्यासाठी वरदान वाटतं पण तसं नसतं, कीपरने तुमची एक निवड पाहिलेली असते आणि डोक्यात आता दोन विचार असतात, तोच कोपरा की दुसरा. नवा कोच गास्पेरिनी, त्याच्या पद्धतीत स्ट्रायकरने आधी प्रेसिंग करायचं (बॉल असलेल्या विरोधकावर धावून जायचं), माणसाला माणूस लावून पळायचं, कडेला जाऊन जागा करायची, आणि डोव्बिकला अशा खेळाची सवय नव्हती. त्यात भर म्हणून दुखापती. 28 व्या वर्षी शरीराला नवीन सवय लावणं सोपं नसतं.

देशाच्या बाबतीतही हेच दिसतं. युरो 2024 ला पिचिची विजेता म्हणून गेला, एकही गोल नाही. रोमानियाकडून 0-3, स्लोव्हाकियावर 2-1, बेल्जियमशी 0-0, ग्रुपमधल्या चारही टीमचे 4 पॉइंट आणि युक्रेन चौथा, घरी. बरं, "घरी" तरी कसं म्हणायचं, 2022 पासून ही टीम आपल्या देशात एकही होम मॅच खेळलेली नाही, पोलंड, स्लोव्हाकिया, चेक अशा ठिकाणी भाड्याच्या मैदानांवर खेळते. क्लब एका देशात, होम मॅच दुसऱ्या देशात, माणसं युद्ध चाललेल्या तिसऱ्या देशात. बहुतेक परदेशी खेळाडू हे ओझं घेऊन खेळत नाहीत, युक्रेनचे सगळे खेळतात.

मधल्या काळात जिरोनाने काय केलं ते बघण्यासारखं आहे. 2025 च्या उन्हाळ्याच्या शेवटी त्यांनी परत युक्रेनमध्येच जाऊन स्ट्रायकर उचलला, डायनामो किएव्हचा व्लादिस्लाव वनात. 23 वर्षांचा, डोव्बिक गेला होता त्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, उजव्या बाजूला त्सिहान्कोव तेव्हाही तिथेच होता, कोचही मिचेलच होता. फक्त सावियो आणि अलेश गार्सिया नव्हते. वनातचे गोल मोजायला बसाल तेव्हा आधी हे मोजा की त्याला मॅचमध्ये डिफेंडरच्या मागे किती बॉल येतायत.